सेंट किट्सला क्रूझवरून उतरून स्वतः गाडी चालवली, त्याचा रिव्ह्यू

सरळ सांगते, कॅरिबियन क्रूझला जाणार असाल आणि घरात एकालाही गाडी नीट चालवता येत असेल तर सेंट किट्सला जहाजवाल्यांची बस टूर घेऊ नका, बंदरावर भाड्याची गाडी घ्या आणि बेटाला स्वतः चक्कर मारा. आमच्या अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी दिवस तोच झाला. लातूरला परत आल्यापासून भिशीत, कॉलनीत, माहेरी सगळे जहाजाचंच विचारायलेत, किती मजली होतं, व्हेज मिळत होतं का, समुद्र लागला का, पण मला सांगावंसं वाटतं ते या गाडीचं. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते, ज्याला जायचंय त्याच्या कामाला येईल.

माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो. त्याच्याकडे आई, मी आणि आमचे हे गेलो होतो, तेव्हा त्यानं आणि भावजयीनं क्रूझचं ठरवलं. जहाज प्वेर्तो रिकोच्या सान हुआनवरून सुटणारं होतं. प्वेर्तो रिको अमेरिकेतच मोडतं त्यामुळं आपल्याला अमेरिकेचा व्हिसा लागतोच, आणि भारतातून थेट सान हुआनला जाऊन क्रूझ पकडायची म्हणलं तरी तो लागतो हे आधी डोक्यात ठेवा. तर रोज एक बेट अशी जहाजाची पद्धत, सकाळी लागायचं आणि संध्याकाळी निघायचं. प्रत्येक बंदरावर जहाजवाले टूर विकतात, चाळीस-पन्नास माणसं एका बसमध्ये, गाइड माइकवर बोलतोय, खाली उतरा, वीस मिनिटं, परत चढा. ज्यांना तसं आवडतं त्यांनी खुशाल जावं, पण आईला अशा घाईत चढउतार जमत नाही, आणि मला स्वतःला एखादी जागा आवडली की तिथं जरा टेकायला लागतं.

गाडी मी चालवली. भाऊ तिकडं पंधरा वर्षं उजव्या बाजूनं चालवतोय, आणि सेंट किट्सला गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, कारण ते बेट इंग्रजांचं होतं, १९ सप्टेंबर १९८३ ला स्वतंत्र झालं. तिथं भाड्यानं मिळतात त्या बहुतेक जपानी गाड्या, स्टिअरिंग उजवीकडं. जहाजावरचे अमेरिकन लोक याच एका गोष्टीला घाबरून टूर घेत होते, आणि मला म्हणाल तर लातूर-पुणे, लातूर-सोलापूर, गंजगोलाईतली गर्दी, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं तासतास चालवलेल्या हाताला तो रस्ता म्हणजे अगदी ओळखीचा होता. भाऊच म्हणला, "ताई, इथं तूच चालव, मला चौकात उजवीकडंच बघायची सवय नाही राहिली." मग ठरलं, मी स्टिअरिंगवर, शेजारी आमचे हे नकाशा घेऊन, मागं आई मधी आणि दोघं दोन बाजूला.

आता गाडीचं सांगते. भावानं घरूनच एका छोट्या लोकल कंपनीला ईमेल करून गाडी ठरवली होती. त्यांनी फक्त जहाजाचं नाव, उतरायची वेळ आणि चालवणाऱ्याच्या लायसन्सचा फोटो मागितला. पोर्ट झँटे म्हणून जे बंदर आहे तिथं जहाजातून उतरलं की आधी दुकानांची गल्ली लागते, हिरे, घड्याळं, टीशर्ट, ती ओलांडून गेटच्या बाहेर आलं की पाटी घेऊन माणूस उभा असतो. आमचा माणूस अर्धा तास उशिरा आला. क्रूझच्या दिवशी अर्धा तास म्हणजे लई होतो, तिथं एकेक मिनिट मोजून वापरायचं असतं, त्यामुळं हा पहिला मायनस पॉइंट. नंतर मात्र त्या गाडीच्या कंपनीतली बाई इतकी आपुलकीनं बोलली, आईला खुर्ची आणून दिली, नकाशावर पेनानं गोल करून सांगितलं की इथं थांबा, इथं बाथरूम चांगली आहे, इथं रस्ता खोदलाय.

लायसन्सचं लक्ष देऊन वाचा. सेंट किट्समध्ये बाहेरच्या माणसाला तात्पुरतं लोकल लायसन्स काढावं लागतं, भाड्याची कंपनीच ते काउंटरवर काढून देते, आमची फी पंचवीस डॉलरच्या आत होती. माझं लातूर आरटीओचं स्मार्ट कार्ड बघून त्यांनी काही अडचण केली नाही. तरी मी निघण्याआधी आपल्या आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढलं होतं, सारथी पोर्टलवर अर्ज होतो, हजार रुपये फी आहे, एक वर्ष चालतं, पासपोर्ट आणि व्हिसाची कॉपी लागते. ते जवळ असलं की समोरच्याला लवकर पटतं, म्हणून काढाच. आणि डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड घेत नाहीत. आपल्याकडच्या कार्डावर परदेशातले व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आधी चालू करून ठेवा, तिथं काउंटरवर उभं राहून ओटीपीची वाट बघत बसू नका.

इन्शुरन्सचं काउंटरवर वेगळं सांगितलं, ईमेलमध्ये त्याचा उल्लेख नव्हता, हा दुसरा मायनस पॉइंट. सीडीडब्ल्यू म्हणतात त्याला, म्हणजे गाडीला काही लागलं तर तुमच्यावर किती येणार त्याची मर्यादा. आम्ही घेतला, कारण अनोळखी रस्ता आणि संध्याकाळी जहाज गाठायचं. तरीपण भाडं, लायसन्स, इन्शुरन्स, पेट्रोल सगळं धरून पाच जणांचं जे झालं त्याच्या तिपटीहून जास्त जहाजाच्या बस टूरला गेले असते. गाडी जुनी होती, उंच, ऑटोमॅटिक, एसी बेताचा, मागच्या दाराला ओरखडे. आमच्या ह्यांनी चारी बाजूनं व्हिडिओ काढला, ओरखडे जवळून घेतले आणि त्या बाईलाही दाखवले, हे कुठंही गाडी घेताना कराच. तिथं अमेरिकन डॉलर सगळीकडं चालतो, सुट्टे मात्र ईस्टर्न कॅरिबियन डॉलरमध्ये परत मिळतात, एका अमेरिकन डॉलरला २.७० असा भाव १९७६ पासून बांधलेलाच आहे, त्यामुळं हिशोबाला सोपं.

बेट केवढं म्हणाल तर सेंट किट्स साधारण १७० चौरस किलोमीटर, आपला तालुका त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. शेजारचं नेव्हिस धरून दोघांचा मिळून एक देश, सगळ्या अमेरिका खंडातला सगळ्यात लहान स्वतंत्र देश. मधी लिआमुइगा नावाचा ज्वालामुखीचा डोंगर, ११५६ मीटर, आणि त्याच्या भोवती किनाऱ्यानं एकच मुख्य रस्ता. चुकायची सोयच नाही, समुद्र एका बाजूला आणि डोंगर एका बाजूला धरला की फिरून बासेटेअरला, म्हणजे राजधानीला, परत येता. न थांबता दीड-दोन तासात होईल, थांबत थांबत अर्धा दिवस घ्या.

एक गोष्ट ज्याला गाडी चालवायची त्यानं लक्षात ठेवावी, चक्कर घड्याळाच्या दिशेनं मारा, बासेटेअरवरून आधी पश्चिमेला. डावीकडून चालवतोय त्यामुळं समुद्र कायम आपल्याच बाजूला राहतो, कुठंही फोटोला थांबायचं तर रस्ता ओलांडावा लागत नाही, आणि डावीकडं बसणाऱ्याला सगळं दिसतं. शिवाय किल्ला सकाळी उन्हाच्या आधी लागतो.

पहिल्यांदा चॅलेंजर्स, मग ब्लडी पॉइंट. १६२६ साली इंग्रज आणि फ्रेंच दोघांनी मिळून तिथल्या मूळच्या कालिनागो लोकांची कत्तल केली ती जागा. रस्त्याकडंला फक्त पाटी आहे, पण गाडी बाजूला घेऊन वाचली. त्याच्या पुढं ओल्ड रोड गाव, १६२४ मध्ये थॉमस वॉर्नर तिथं उतरला आणि कॅरिबियनमधली इंग्रजांची पहिली वसाहत तिथूनच सुरू झाली. बस टूरवाले इथून हात दाखवून पुढं जातात.

ओल्ड रोडवरून आत वळलं की रॉम्नी मॅनर. जुना मळेवाल्याचा वाडा, बाग, आणि एक अवाढव्य झाड, आपल्याकडं रस्त्याच्या कडेला विलायती शिरीष असतो ना तेच, पण साडेतीनशे-चारशे वर्षांचं म्हणतात. त्याच्या खाली आई बसली ती उठायलाच तयार नव्हती. आत कॅरिबेल बाटिकचा कारखाना-कम-दुकान आहे, फुकटात करून दाखवतात. पांढरं सुती कापड ताणून धरलेलं, बाई हातात लाकडी दांडीची बारीक तोटी घेऊन वितळलेलं मेण त्याच्यावर सोडायली होती, पाकळीची कड, मग शीर, हात कुठं थांबत नव्हता कारण थांबला की तिथं मेणाचा ठिपका पडतो. जिथं मेण तिथं रंग बसत नाही, मग रंगात बुडवायचं, वाळवायचं, परत दुसऱ्या जागी मेण, परत गडद रंग, आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढून टाकायचं. एकेका कापडाला किती वेळा बुडवलं ते रंग मोजून कळतं, असं तिनं दाखवलं. भावजयीनं ओढणीएवढं कापड घेतलं, महाग आहे, पण डोळ्यासमोर केलेलं काम आहे, घासाघीस करावीशी वाटली नाही. आमच्याबरोबर तिथं आलेली बस वीस मिनिटात गेली आणि आम्ही तासभर होतो, हाच तर फायदा.

मग ब्रिमस्टोन हिल. या एका किल्ल्यासाठी सुद्धा गाडी घेणं वसूल होतं. मुख्य रस्ता सोडून वर चढणारा रस्ता लई अरुंद, एका गाडीपुरता, आंधळी वळणं, प्रत्येक वळणाला हॉर्न द्यायचा आणि वरून कोण येतंय का ऐकायचं. तिकडच्या लोकांना ते अवघड वाटत असेल, आपल्याकडं घाटात चालवलेल्याला काही वाटणार नाही, पहिल्या गिअरची, म्हणजे ऑटोमॅटिकमध्ये एल टाकायची, सवय पाहिजे. तिकीट आहे, वर गाड्या लावायला जागा आहे, तिथून पुढं पायऱ्या. आई खालच्या सपाट भागात, जुन्या हॉस्पिटल आणि तोफखान्याच्या अवशेषांपाशी फिरली, वरच्या गढीपर्यंत नाही आली, तिथूनही समुद्र दिसतोच.

किल्ला काळ्या ज्वालामुखीच्या दगडाचा आहे. आपल्या नळदुर्गला, औशाला जो काळा दगड बघून मोठे झालो त्याच जातकुळीचा, म्हणून मला त्या भिंती परक्या वाटल्याच नाहीत. मात्र नळदुर्गला भिंतीवर हात ठेवला की गवंड्याचा, पाथरवटाचा अभिमान वाटतो आणि इथं हात ठेवताना पोटात कालवतं. १६९० मध्ये इंग्रजांनी पहिल्यांदा इथं तोफा चढवल्या आणि पुढं जवळजवळ शंभर वर्षं बांधकाम चाललं, ते सगळं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या हातून. दगड डोंगरातूनच काढायचे, चुनाही पायथ्याशीच भाजायचा, आणि ते सगळं त्या उभ्या चढावर माणसांनी वाहून न्यायचं. आतल्या म्युझियममध्ये हे लपवलेलं नाही, नीट मांडलंय, ते मला आवडलं.

१७८२ मध्ये फ्रेंचांनी आठ हजार सैन्य उतरवून वेढा घातला, आत जेमतेम हजार माणसं होती, तरी महिनाभर किल्ला लढला. गंमत म्हणजे, गंमत नव्हेच, नवीन आणलेल्या मोठ्या तोफा वर चढवल्याच नव्हत्या, पायथ्याला पडून होत्या, त्या आयत्या फ्रेंचांच्या हातात गेल्या आणि त्यांनीच वरच्या भिंती फोडल्या. पुढच्याच वर्षी तहात बेट परत इंग्रजांना मिळालं. १८५३ नंतर सैन्य निघून गेलं, किल्ला रानात हरवला, लोकांनी दगडं नेली, आणि मग पुढं डागडुजी होऊन १९९९ ला युनेस्कोच्या यादीत आला. वरच्या फोर्ट जॉर्ज गढीवर उभं राहिलं की समोर सिंट युस्टेशियस बेट, हवा स्वच्छ असली तर त्याच्या मागं साबा. आमचे हे तोफेपाशी उभे राहून म्हणायले, "इथून आलेलं जहाज केवढ्या लांबून दिसत असेल." वारा असा की ओढणी सांभाळावी लागते, टोपी तर गाडीतच ठेवा.

इथून पुढचं जे आहे ते कुठल्याच ब्रोशरमध्ये मला सापडलं नाही, आणि लातूरच्या माणसाला तेच सगळ्यात जास्त लागतं. सँडी पॉइंट गाव सोडलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस. पण रांगा नाहीत, सरी नाही, बांध नाही, नुसता माजलेला, गवतात मिसळलेला ऊस, डोंगराच्या पायथ्यापर्यंत. मधीच एखादी दगडी चिमणी, एखाद्या पवनचक्कीचा नुसता बुरूज. आईनं गाडी थांबवायला लावली. उतरली, पानांची धार चुकवत एक कांडं धरलं, पेरं बघितली, आखूड, बोटाएवढी जाड, आणि म्हणली, "किती सालाचा खोडवा हाय की हा, कुणी तोडलाच नाही, कुणी लावला पण नाही." माझं माहेर उसाचं, दरवर्षी टोळ्या यायच्या, कोपी पडायच्या, पहाटे मोळ्या बांधायचा आवाज ऐकत आम्ही अभ्यास केलेला, त्यामुळं न तोडलेला ऊस बघून तिला चैन पडंना.

झालं असं की या बेटावर साडेतीनशे वर्षं ऊस सोडून दुसरं काही नव्हतं. सोळाशे चाळीसच्या दशकात तंबाखू मागं पडून ऊस आला, त्याच्यासाठी आफ्रिकेतून गुलाम आणले, १८३४ ला गुलामगिरी कायद्यानं गेली आणि मग मजूर कमी पडले तेव्हा १८६१ साली आपल्या भारतातून काहीशे माणसं करारावर आणली. त्यातली बरीच पुढं त्रिनिदादला वगैरे गेली म्हणतात. १९७५ च्या सुमाराला सरकारनं जमिनी आणि मग कारखाना ताब्यात घेतला, पण तोटा आणि कर्ज वाढत गेलं, आणि २००५ चा गळीत हंगाम शेवटचा. त्याच्यानंतर कारखाना बंद तो बंदच. ऊस आपला आपण उगवतोय. आपल्याकडं कारखाना बंद पडला की गावाचं काय होतं ते आपल्याला सांगायला नको, इथं तर अख्ख्या देशाचा एकच कारखाना होता. त्या भाड्याच्या गाडीच्या बाईचे वडील त्याच कारखान्यात होते, ती म्हणली की बंद झाल्यावर सगळे टुरिझममध्ये आलो, दुसरं होतंच काय.

आणि रूळ! रस्त्याला लागून लागून बारके रूळ जातात, मधीच रस्ता ओलांडतात, ओढ्यावर लोखंडी पूल. १९१२ पासून पुढं टप्प्याटप्प्यानं हे रूळ टाकले, शेतातला ऊस बासेटेअरच्या कारखान्यात आणायला. रुंदी अडीच फूट. आमच्या ह्यांनी उतरून पावलानं मोजली आणि खूश झाले, कारण आपली बार्शी लाइट रेल्वे, जी १९११ ला लातूरपर्यंत आली, ती पण अडीच फुटाचीच. ज्यांनी त्या गाडीनं कुर्डूवाडी-पंढरपूर केलंय त्यांना कळेल मी काय म्हणते. आपली ब्रॉडगेज झाली, तिथं त्याच रुळांवर आता टुरिस्ट गाडी चालते, दुमजली डबे, वर उघडं, खाली एसी. आम्ही क्रॉसिंगला थांबलो तेव्हा ती समोरून गेली, वरचे लोक हात हलवायले, आम्हीपण हलवले. ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांनी ही रेल्वे घ्यावी, काही भाग रेल्वेनं आणि उरलेला बसनं अशी बेटाची चक्कर होते, पण मधे किल्ल्यावर उतरता येत नाही हे ध्यानात ठेवा.

उत्तरेला डिएप बे, तिथली वाळू काळी. दोन मिनिटं उतरलो. त्याच्या पुढं ब्लॅक रॉक्स, लिआमुइगाचा लाव्हा समुद्रात जाऊन गार झाला त्याचे काळे सुळके, आणि इकडं अटलांटिक महासागर, लाटा आपटायच्या आवाजानं बोलणं ऐकू येत नाही. पोहायची जागा नाही, बघायची आहे. वरती लोकल बायकांचे स्टॉल आहेत, किसलेला नारळ आणि साखरेची वडी मिळते, आपल्यापेक्षा जाड आणि आल्याचा वास असलेली. आईनं दोन खाल्ल्या. टिंग म्हणून पपनशीच्या चवीचं सोडा असतं, ते गार घ्या, चढलेलं ऊन उतरतं.

व्हेज खाण्याचं इथंच सांगून टाकते. सकाळी जहाजावरून पोट भरून निघा. तिथं रोटी मिळते, म्हणजे मैद्याची मोठी पोळी आणि त्यात करी गुंडाळलेली, भारतीय मजुरांबरोबर कॅरिबियनमध्ये आलेला पदार्थ, पण आत बहुतेक चिकन नाहीतर बकऱ्याचं मटण. हरभरा-बटाट्याची मिळाली तर नशीब, आम्हाला बासेटेअरमध्ये विचारून विचारून मिळाली, चवीला बरी, मीठ-मिरची कमी. सोबत दशम्या आणि शेंगाचटणी न्यायची असेल तर गाडीतच खा, कुठल्याही बेटावर शिजवलेलं किंवा फळं घेऊन उतरताना नियम असतात, जहाजाच्या रोजच्या पत्रकात लिहिलेलं असतं ते वाचून मगच.

पूर्वेची बाजू, सॅडलर्स, टॅबरनॅकल, कायन, पटकन होते. गावं छोटी, घरं लाकडी रंगीत, रस्त्यावर शेळ्या. खड्डे आहेत पण आपल्याला सवय आहे. डोंगरातून येणारे ओढे रस्त्यावरून जातात तिथं रस्ता अचानक खाली जातो, पाऊस झाला असेल तर हळू घ्या. मिनीबसवाले जोरात येतात आणि मधीच थांबतात. तिकडं हॉर्न भांडायला वाजवत नाहीत, वाट दिली म्हणून धन्यवाद, ओळखीचा दिसला म्हणून नमस्कार, दोन छोटे टिक टिक. मलाही सवय लागली.

बासेटेअरला बाहेरून घालून दक्षिणेला गेलं की टिमोथी हिल. गाडी वर लावली आणि डावीकडं अटलांटिक, उजवीकडं कॅरिबियन समुद्र, मधी चिंचोळी जमीन शेपटासारखी, आणि टोकाला नेव्हिसचं ढगात घुसलेलं शिखर. दोन्ही पाण्याचा रंग वेगळा दिसतो, एक गडद, एक हिरवट निळं. तिथं गाड्या जास्त असतात, दार उघडताना मागं बघा. पुढं त्या चिंचोळ्या जमिनीवरून चांगला रुंद रस्ता थेट कॉकलशेल बीचपर्यंत जातो, सगळ्या दिवसातला सगळ्यात मोकळा रस्ता तोच. बीचवर समोर नेव्हिस, मधलं पाणी तीनेक किलोमीटर. भाऊ-भावजय पोहले, आम्ही पाय बुडवून बसलो. पाणी शांत आहे, आईपण गुडघ्यापर्यंत गेली. खुर्च्या-छत्र्यांचं भाडं आधी विचारा, बसल्यावर सांगतात.

माकडं आहेत, हिरवट रंगाची, फ्रेंचांनी सतराव्या शतकात आफ्रिकेतून आणलेली, आता सगळ्या बेटभर. टेबलावरचं उचलून नेतात. बंदराजवळ काही लोक माकडाच्या पिल्लाला लंगोट घालून, दोरी बांधून अंगावर ठेवतात आणि फोटोचे पैसे मागतात. आम्ही नाही काढला आणि तुम्हीपण काढू नका, ते पिल्लू दिवसभर उन्हात हातोहात फिरतं, मला ते बघवलं नाही.

आता वेळेचं, कारण सगळी भीती याचीच असते. जहाजाची टूर असेल आणि बस अडकली तर जहाज थांबतं, आपण आपले गेलो तर थांबत नाही, एवढं साधं आहे. जहाजावर परत चढायची शेवटची वेळ सुटायच्या अर्धा तास ते तासभर आधीची असते. जहाजाचं घड्याळ आणि बेटाचं घड्याळ कधीकधी वेगळं असतं, उतरताना दारातच विचारून घ्या आणि मोबाइलची आपोआप वेळ बदलणारी सेटिंग बंद करा, हातातलं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. रोजच्या पत्रकात बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. गुगल मॅप्सचा नकाशा आधीच जहाजावर वायफायवर डाउनलोड करा, रोमिंग महाग पडतं. आम्ही लांबचं टोक आधी आणि बीच शेवटी असं ठेवलं, म्हणजे उशीर झालाच तर बीच कापायचा, आणि चढायच्या वेळेआधी दीड तास गाडी परत द्यायची असं पक्कं ठरवलं होतं. त्यामुळं डोक्याला ताण राहिला नाही.

परत देताना पेट्रोल जेवढं होतं तेवढं भरून द्यायचं, पंपावर भरून देणारा माणूस असतो, आपल्यासारखंच. बाईनं गाडीला एक चक्कर मारली, कागदावर सही, झालं. डिपॉझिटची अडवलेली रक्कम मोकळी व्हायला मात्र बरेच दिवस लागले, दोनदा ईमेल करावा लागला, हा तिसरा मायनस पॉइंट. पैसे पूर्ण आले. उरलेल्या वेळात चालत सर्कसपर्यंत गेलो, मधी हिरवं लोखंडी घड्याळ असलेला गोल चौक, लंडनच्या पिकॅडिलीवरून केलेला, आणि त्याच्या जवळच इंडिपेंडन्स स्क्वेअर. आता बाग आहे, पूर्वी तिथं गुलामांचा बाजार भरायचा. दिवसभर किल्ला आणि ऊस बघून तिथं आलं की सगळं एकमेकाला जोडलं जातं, म्हणून ही जागा शेवटी ठेवा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो उशिरा येण्याचा, न सांगितलेल्या इन्शुरन्सचा आणि डिपॉझिटचा.

ज्यांची क्रूझ वेगळ्या बेटांवर जाते त्यांच्यासाठी, बार्बाडोस, अँटिग्वा, सेंट लुसिया, ग्रेनाडा, डॉमिनिका इथंही डावीकडून चालतं, आपल्याला सोपं. सेंट थॉमसला डावीकडून चालतं पण अमेरिकेचं बेट असल्यामुळं गाडीचं स्टिअरिंगपण डावीकडं, म्हणजे चालवणारा रस्त्याच्या कडेला बसतो आणि पुढची गाडी ओलांडताना समोरचं दिसत नाही, पहिल्यांदाच गाडी घेत असाल तर तिथून सुरुवात करू नका. आणि सिंट मार्टेन, अरूबा, कुरासाव, मार्टिनिक, ग्वाडेलूप, प्वेर्तो रिको इथं उजवीकडून, तिथं भावासारख्या तिकडं राहणाऱ्याला बसवा आणि आपण मागं बसून फोटो काढा.